कागदावर उभे राहिलेले स्वयंपाकघर

गेल्या वर्षी आमच्या घरातील स्वयंपाकघर नव्याने बांधून घ्यावयाचे ठरले. घर चाळीस वर्षांचे, माणसे लहानमोठी मिळून नऊ, आणि ओटा असा की, दोघीजणी उभ्या राहिल्या म्हणजे तिसरीने माजघरात थांबावे. काम ज्यांच्याकडे सोपविले त्या गृहस्थांनी आठ दिवसांत संगणकावर काढलेले तीन कागद आणून दिले. एकावर प्लॅन, म्हणजे वरून सरळ खाली पाहिल्यास खोली जशी दिसेल तसा आराखडा. उरलेल्या दोहोंवर एलिव्हेशन, म्हणजे एकेका भिंतीसमोर उभे राहून दिसणारे तिचे रूप. रेषा सुबक होत्या, बहुतेक मापे मिलिमीटरमध्ये लिहिलेली होती. घरातील पुरुषमंडळींनी ते कागद दिवाणखान्यात पाहिले, माना डोलावल्या आणि मंजूर करून टाकले. त्या माना डोलावणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथेच कबूल केलेले बरे.

त्या ओट्यापाशी दिवसाचे चार-पाच तास ज्यांना उभे राहावयाचे, त्या आमच्या थोरल्या वहिनींनी प्लॅनचा कागद हाती घेतला, एकदा फिरवून पाहिला आणि परत दिला. "तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत ना, मग ठीकच असतील," एवढेच त्या म्हणाल्या. मातोश्रींनी मात्र चष्मा लावून तो बराच वेळ न्याहाळला आणि एका जागी बोट ठेवून विचारले, "ही तुटक रेघ कसली रे?" दिवाणखान्यातील एकालाही त्याचे उत्तर देता आले नाही.

उत्तर दिले ते आमच्या पुतणीने. ती स्थापत्य-अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. प्लॅन काढताना खोली साधारण छातीच्या उंचीवर आडवी कापली आहे अशी कल्पना करतात आणि कापलेल्या पातळीच्या वर जे असेल ते तुटक रेषेने दाखवितात, असे तिने सांगितले. ती तुटक रेघ म्हणजे भिंतीवर टांगावयाचे कपाट होते. "थांबा आजी, तुम्हांला उद्या दाखवते," असे म्हणून ती संगणकापाशी बसली आणि दुसऱ्या दिवशी तिने चौथा कागद आणला. त्यावर तेच स्वयंपाकघर कोपऱ्यातून आणि थोडे वरून पाहिल्यासारखे उभे होते: ओटा, त्यावरील शेगडी, सिंक, खिडकी, वरची कपाटे, सारे एकाच चित्रात. वहिनी पोळ्या लाटता लाटता क्षणभर डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे कपाट शेगडीच्या डोक्यावर आलंय की! डाळीचा डबा काढायचा तर मी जळत्या आचेवरून हात घालायचा का?"

तीन कागदांवर जे आम्हा शिकलेल्या मंडळींस आठ दिवस दिसले नाही, ते वहिनींस चौथ्या कागदावर अर्ध्या मिनिटात दिसले. चूक त्या तिन्ही कागदांवर होतीच, लपविलेली नव्हती. परंतु प्लॅन आणि एलिव्हेशन यांची मनात जुळणी करून त्यांतून वस्तू उभी करणे ही शिकून येणारी विद्या आहे, आणि ज्याला ती येत नाही तो आपल्याच घराच्या बाबतीत मुका होतो. त्या चौथ्या कागदाच्या रीतीविषयी आम्ही पुढे जी चौकशी केली आणि पुतणीच्या शेजारी बसून जे थोडेफार पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

या रीतीस आयसोमेट्रिक आरेखन म्हणतात. शब्द ग्रीक भाषेतून आला. त्याचा अर्थ 'समान माप'. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांस कागदावर एकच माप लागू करावयाचे, हा तिचा सारा गाभा. उंचीच्या रेषा कागदावर उभ्याच राहतात. लांबीच्या आणि रुंदीच्या रेषा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून एक उजवीकडे व दुसरी डावीकडे वर चढत जातात. तीन दिशा एका बिंदूतून निघालेल्या कल्पिल्या, तर त्यांच्यात परस्पर १२० अंशांचे अंतर पडते. छायाचित्रात किंवा चित्रकाराच्या चित्रात दूरची वस्तू लहान होते आणि आगगाडीचे रूळ क्षितिजापाशी मिळतात. येथे तसे काही होत नाही. समांतर असलेल्या रेषा कागदावरही समांतरच राहतात. त्यामुळे चित्र डोळ्यांस किंचित ताठ वाटते, परंतु पलीकडच्या कपाटाची उंची आणि अलीकडच्या कपाटाची उंची एकाच पट्टीने मोजता येते. दुकानांत दाखविली जाणारी झगझगीत रंगीत चित्रे पाहावयास मोठी रम्य असतात, पण त्यांवर पट्टी ठेवण्याची सोय नसते. आणि ही गैरसोय विकणारास पुष्कळदा सोयीचीच वाटते.

ही रीत शास्त्रशुद्ध स्वरूपात प्रथम मांडली ती केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम फॅरिश (१७५९–१८३७) यांनी. तिच्या जन्माची हकीकत आम्हांस आमच्या वहिनींच्या प्रसंगाशी फार जुळती वाटली. फॅरिशसाहेब कारखान्यांतील यंत्रांवर व्याख्याने देत आणि प्रत्येक यंत्राची चालती प्रतिकृती श्रोत्यांसमोर मांडीत. इतक्या प्रतिकृती करून ठेवावयाच्या तर जागा आणि पैसा कोठून आणावयाचा? म्हणून त्यांनी चाके, आस, दांडे असे सुटे भाग बनवून घेतले होते. व्याख्यानापूर्वी त्या भागांतून हवे ते यंत्र जोडावयाचे आणि व्याख्यान आटोपल्यावर मोडून त्याच भागांचे पुढचे जोडावयाचे. जोडणी करीत त्यांचे साहाय्यक. त्यांना प्लॅन आणि एलिव्हेशन देऊन भागत नसे. कोणता भाग कोणाच्या मागे, कोणता वर, हे पाहताक्षणी कळेल आणि मापही काढता येईल असे चित्र हवे होते. ती निकड भागविण्यासाठी त्यांनी ही रीत बसविली, १८२० साली केंब्रिजच्या फिलॉसॉफिकल सोसायटीपुढे तिजवर निबंध वाचला, आणि १८२२ साली तो छापून निघाला. समांतर रेषा समांतर ठेवून इमारती चितारण्याची चाल चिनी चित्रकारांत फार जुनी आहे हे खरे. परंतु तिन्ही दिशांस एकच माप देण्याचा नियम घालून त्याचे गणित फॅरिशसाहेबांनी दिले.

ज्या वाचकभगिनी ठिपक्यांची रांगोळी काढतात, त्यांस ही विद्या अर्धी येतेच असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. '१५ ते ८' किंवा '७ ते ४' अशा रांगोळ्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. मधल्या ओळीत सात ठिपके, तिच्या दोन्ही अंगांस सहा, मग पाच, मग चार, आणि प्रत्येक ओळीतील ठिपके शेजारच्या ओळीतील दोन ठिपक्यांच्या मध्ये बसविलेले. एकूण ठिपके सदतीस. बाहेरचा आकार षट्कोन. आता हाच ठिपक्यांचा कागद असा फिरवून धरावा की, सातांची ओळ उभी होईल. षट्कोनाच्या सहा कडा जोडाव्यात. मग अगदी मधल्या ठिपक्यापासून तीन रेषा काढाव्यात: एक सरळ खाली टोकापर्यंत, दुसरी डावीकडे वरच्या कोपऱ्यापर्यंत, तिसरी उजवीकडे वरच्या कोपऱ्यापर्यंत. कागदावर एक चौकोनी पेटी उभी राहील, तीन ठिपके लांब, तीन रुंद आणि तीन उंच. अभियंत्यांसाठी छापून मिळणारा आयसोमेट्रिक कागद म्हणजे हीच ठिपक्यांची मांडणी होय, आणि संगणकाच्या पडद्यावर जी जाळी दिसते तीही हीच.

आता संगणकाकडे वळू. संगणकाच्या साहाय्याने आरेखन करण्याच्या आज्ञावलींस 'कॅड' असे आटोपशीर नाव पडले आहे. १९६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली रचली. तीत प्रकाशलेखणीने थेट पडद्यावर रेषा ओढता येत. त्याच वर्षी तेथेच टिमथी जॉन्सन यांनी तिचा जो पुढचा अवतार काढला, त्यात एकाच वस्तूचा प्लॅन, दोन बाजूंची एलिव्हेशने आणि यथादर्शन अशी चारही रूपे पडद्यावर एकदम दिसत. आमच्या घरी चौथा कागद मागाहून आला; तेथे तो पहिल्यापासून होता! पुढे १९८२ साली ऑटोकॅड निघाले आणि ही विद्या मोठ्या संस्थांच्या भिंतींतून बाहेर पडून लहान कचेऱ्यांत शिरली.

या आज्ञावलींत आयसोमेट्रिक चित्र काढण्याच्या दोन अगदी निरनिराळ्या वाटा आहेत. शिकणाऱ्यांचा बहुतेक गोंधळ त्या दोन वाटा एकच समजण्यातून होतो, असे आम्हांस पुतणीच्या अनुभवावरून दिसले.

पहिली वाट जुन्या ड्रॉइंग-बोर्डाची, फक्त लाकडाऐवजी काचेवर. ऑटोकॅडमध्ये जाळीचा प्रकार 'आयसोमेट्रिक' असा निवडला की, पडद्यावरील चौकोनी जाळी तिरकी होते आणि फुलीचे चिन्हही तिच्याबरोबर कलते. वस्तूच्या तीन बाजू कल्पिलेल्या असतात: वरची, डावी आणि उजवी. एफ-५ ही कळ दाबली की, त्या बाजू पाळीपाळीने बदलतात. एफ-८ दाबून ठेवणीतील शिस्त चालू केली की, रेषा त्या बाजूच्या दोन दिशांखेरीज तिसरीकडे वळतच नाही. मग ओट्याची लांबी २४०० लिहावी, रेषा तेवढीच निघते. उंची ८५० लिहावी, तेवढीच उभी रेषा निघते. येथवर सारे सोपे आहे. शाळेत टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन ज्यांनी हात काळे केले असतील, त्यांस तर हे खेळच वाटेल.

अडचण येते ती वर्तुळापाशी. वरून गोल असलेली वस्तू तिरकी पाहिली की लंबगोल दिसते, हे आमटीची वाटी पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. परंतु हात वर्तुळच काढू पाहतो. पुतणीने पहिल्या चित्रात नळासाठी ओट्यावर पाडावयाचे भोक साध्या वर्तुळाने दाखविले होते. ते ओट्यावर पडलेल्या भोकासारखे न दिसता हवेत तरंगणाऱ्या नाण्यासारखे दिसत होते. यासाठी लंबगोलाच्या आज्ञेतच 'आयसोसर्कल' असा एक पर्याय असतो. जाळी आयसोमेट्रिक असेल तरच तो पुढे येतो. तो निवडून त्रिज्या दिली की, त्या वेळी जी बाजू चालू असेल तिच्यावर बेतलेला लंबगोल निघतो. बाजू चुकीची असेल तर भोक भिंतीला पडते! हाताने काढताना हाच लंबगोल चार केंद्रांतून चार कंस ओढून बसवीत, आणि तो जवळपास बरोबर येई. संगणक खरा लंबगोल काढतो. अक्षरांचीही तीच गत. आडवी सरळ अक्षरे तिरक्या पृष्ठावर चिकटविल्यासारखी वाटतात, म्हणून ती ३० अंश कलवावी लागतात, कधी उजवीकडे, कधी डावीकडे.

दुसरी अडचण तिरक्या रेषांची. तिन्ही ठरीव दिशांना समांतर असलेल्या रेषाच तेवढ्या खऱ्या मापाच्या असतात. बाकीच्या सर्व रेषा खोटे बोलतात. हे उदाहरणाने पाहावे. ६०० मिलिमीटर बाजूची चौरस फरशी घ्या. तिचे दोन्ही कर्ण प्रत्यक्षात सारखे, सुमारे ८४९ मिलिमीटर. आयसोमेट्रिक चित्रात ती फरशी समभुज चौकोन होते, आणि एक कर्ण भरतो सुमारे १०३९, तर दुसरा अवघा ६००. तेव्हा उतरती कड किंवा कोपऱ्यातील तिरपी फळी काढावयाची असेल, तर तिचा कोन मोजून चालत नाही. तिची दोन टोके लांबी, रुंदी आणि उंची यांनुसार आधी ठरवावीत आणि मग ती जोडावीत. यास दुसरा उपाय नाही.

परंतु या पहिल्या वाटेची खरी उणीव आम्हांस तिसऱ्या दिवशी कळली. ओट्याची उंची ८५० ठेवली होती. वहिनींची उंची बेताची. पोळी लाटताना खांदे उचलावे लागतील असे त्यांनी सांगितले, म्हणून ती ८०० करावयाची ठरली. माणसाच्या दृष्टीने बदल एवढाच. पण पुतणीस ओट्याच्या साऱ्या कडा, सिंक, शेगडी, नळ, खालची दारे यांच्या रेषा एकेक करून हलवाव्या लागल्या, आणि दीड तासाने एक दार तरीही जुन्याच उंचीवर राहिलेले सापडले. याचे कारण असे की, त्या चित्रात ओटा नव्हताच. संगणकाच्या लेखी तेथे सपाट कागदावर ओढलेल्या शे-दीडशे रेषा होत्या. त्यांतून ओटा पाहणारे डोळे आपले.

दुसरी वाट येथे सुरू होते. तीत चित्र काढावयाचे नसते, वस्तूच घडवावयाची असते. २४०० लांब, ६०० रुंद, ८०० उंच असा ठोकळा करा, असे संगणकास सांगावयाचे. त्यातून सिंकचा खळगा वजा करावयाचा. भिंतीवर ३५० खोलीचे कपाट टांगावयाचे. अशी प्रतिकृती संगणकाच्या स्मरणात तयार झाली की, तिचे चित्र कोणत्या दिशेने पाहावयाचे एवढेच ठरवावे लागते. पुतणीने यासाठी 'फ्रीकॅड' ही आज्ञावली वापरली. ती विनामूल्य मिळते, आणि अनेक देशांतील लोकांनी २००२ पासून मिळून वाढविली आहे. तीत शून्याची कळ दाबली की आयसोमेट्रिक दृश्य पुढे येते. ऑटोकॅडमध्ये अशी चार दृश्ये आग्नेय, नैर्ऋत्य अशा उपदिशांच्या नावांनी ठेवलेली असतात. कोणत्या कोपऱ्यातून पाहावयाचे ते निवडावे. ओट्याची उंची बदलावयाची झाली तर प्रतिकृती नीट रचलेली असल्यास एक आकडा बदलावा लागतो आणि बाकीचे सारे त्यामागून चालत येते. पाहताना दृश्य समांतर प्रकारचे आहे, छायाचित्राप्रमाणे दूरचे लहान करणारे नाही, एवढे मात्र तपासून घ्यावे. नावात आयसोमेट्रिक असले तरी ती दुसरी कळ चालू असली तर मापाचा भरवसा राहत नाही.

येथवर वाचून दुसरी वाट पकडावी आणि पहिली विसरावी असे कोणासही वाटेल. आम्हांसही वाटले, आणि त्याची किंमत एका प्लायवुडच्या फळीने मोजली.

झाले ते असे. प्रतिकृतीवरून पुतणीने नवा कागद छापला आणि खाली १ : २० असे प्रमाण लिहिले. सिंकशेजारच्या मांडणीची एक फळी ९०० मिलिमीटरची होती. गडबडीत तेवढे माप लिहावयाचे राहून गेले. आमचे सुतारकाका जुने आणि हुशार. कागद वाचता येतो याचा त्यांस आनंद झाला. त्यांनी पट्टी लावली, ती रेष जेमतेम ३७ मिलिमीटर भरली, विसाने गुणून ७४० काढले आणि फळी कापून मोकळे झाले. फळी बसवावयास गेले तर एका अंगास चांगले वीतभर खिंडार! सुतारकाका म्हणाले, "ताई, मी कागदाप्रमाणेच कापलंय." पुतणी म्हणाली, "काका, संगणकात ९०० च आहे." दोघेही खरे बोलत होते.

कारण समजून घेण्यासाठी पुन्हा त्या चौकोनी पेटीकडे गेले पाहिजे. पेटीच्या तिन्ही कडा आपल्याला सारख्या दिसाव्यात अशा रीतीने ती एका कोपऱ्यावर तोलून धरली, तर तिची प्रत्येक कड कागदाच्या पातळीशी ३५ अंश १६ कलांचा कोन करून कललेली असते. कललेली काठी समोरून पाहिली की आखूड दिसते. तशी प्रत्येक कड आखूड होऊन मूळ लांबीच्या ०.८१६ पट दिसते. हजाराचे ८१६ होतात, नऊशेचे ७३५. प्रतिकृतीवरून संगणक जे दृश्य काढतो ते खरे दृश्य असल्यामुळे त्यात ही तूट येतेच. हाताने किंवा तिरक्या जाळीवर चित्र काढणारा मात्र ही तूट मुद्दाम सोडून देतो आणि ९०० ला ९०० च ओढतो. चित्र थोडे मोठे होते, पण पट्टी लावता येते. पहिल्यास आयसोमेट्रिक प्रक्षेप म्हणतात आणि दुसऱ्यास आयसोमेट्रिक चित्र. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकांत हा भेद असतो, परीक्षेत त्यावर गुणही असतात, आणि पुतणीस ते मिळालेही होते. प्रतिकृतीवरून छापलेल्या कागदावर पट्टी लावावयाची असेल, तर प्रमाण १.२२५ ने वाढवून छापावे. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक माप आकड्यांत लिहावे आणि कागदावर पट्टी न लावण्याची सूचना ठळक द्यावी. आम्ही हे दोन्ही केले, परंतु फळी कापून झाल्यावर.

या रीतीचा आणखी एक स्वभाव सांगितला पाहिजे, कारण तो संगणकासही चुकविता येत नाही. त्या '७ ते ४' च्या रांगोळीकडे पुन्हा पाहावे. मधला ठिपका हा पेटीचा आपल्याला सर्वांत जवळचा कोपरा. परंतु पेटीचा सर्वांत दूरचा, मागच्या अंगाचा, न दिसणारा कोपराही नेमका त्याच ठिपक्यावर येतो. तीच रांगोळी घेऊन मधल्या ठिपक्यापासून उरलेल्या तीन कोपऱ्यांकडे रेषा काढल्या, तर पेटी खालून पाहिल्यासारखी दिसते, किंवा खोलीचा आतला कोपरा दिसतो. सदतीस ठिपके तेच! आपल्या दिशेने जितके पुढे, तितकेच बाजूस आणि तितकेच वर सरकले की, कागदावर आपण जागचे हलतच नाही. आमच्या चौथ्या कागदावर असेच झाले. वरच्या कपाटाचा खालचा कोपरा खिडकीच्या चौकटीस अगदी टेकलेला दिसे, आणि मातोश्रींची खात्री झाली की खिडकीचे दार उघडणार नाही. वस्तुतः तो कोपरा चौकटीपासून ३५० पुढे, ३५० बाजूस आणि ३५० वर होता. मधले खरे अंतर ६०० मिलिमीटरांहून अधिक. प्लॅनवर बोट ठेवून दाखविले तेव्हाच त्यांचे समाधान झाले. ज्या कागदाने प्रथम आम्हांस फसविले त्यानेच येथे सोडविले, तेव्हा त्यास रद्दीत टाकण्याचे कारण नाही.

या संदिग्धतेचा काहींनी कलेसाठी उपयोग केला आहे. स्वीडनचे ऑस्कर रॉयटर्सवार्ड यांनी १९३४ साली नऊ ठोकळ्यांचा एक त्रिकोण काढला. त्यातील प्रत्येक ठोकळा बरोबर आहे आणि सगळा त्रिकोण अशक्य. पुढे १९५८ साली लायोनेल आणि रॉजर पेन्रोझ या पितापुत्रांनी तसाच त्रिकोण स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला, आणि तो पाहून डच चित्रकार एशर यांनी १९६१ साली आपला 'धबधबा' काढला. त्यातील पाणी उतरत उतरत पुन्हा धबधब्याच्या माथ्यावर येते! तिरक्या जाळीवर असा त्रिकोण कोणतीही कॅड आज्ञावली निमूटपणे काढू देईल, कारण तिच्या लेखी त्या नुसत्या रेषा. तीन जाड तुळया घेऊन तोच त्रिकोण प्रतिकृतीच्या वाटेने जोडू पाहा. शेवटची तुळई पहिलीस मिळणार नाही. घरातील मुलांस सुट्टीत हा उद्योग द्यावा. आमच्याकडे दोन दुपारी शांततेत गेल्या.

जेथे ही रीत आजही अन्नपाण्याइतकी आवश्यक आहे, ती जागा म्हणजे नळांची. तेलशुद्धीकरणाचे आणि रसायनांचे कारखाने म्हणजे नळांचे अरण्य; तेथे प्रत्येक नळमार्गाचा स्वतंत्र आयसोमेट्रिक कागद निघतो. त्यावर उत्तर दिशेचा बाण असतो, प्रत्येक वळण, झडप आणि सांधा दाखविलेला असतो, कडेला लागणाऱ्या सामानाची यादी असते. मौज अशी की, ज्या रीतीचे नावच 'समान माप', तिचे हे कागद प्रमाणात काढलेले नसतात. दहा मीटरांचा सरळ नळ बोटभर दाखवितात आणि गुंतागुंतीचे वळण हातभर. लांबी आकड्यांत लिहितात. सांधेजोड करणाऱ्या कारागिरास नळ कोणीकडे वळतो हे पाहताक्षणी कळावे, हाच हेतू. पूर्वी असे कागद हाताने काढीत. आता संपूर्ण कारखान्याच्या प्रतिकृतीवरून संगणकच ते शेकड्यांनी काढतो. फॅरिशसाहेबांच्या साहाय्यकांस ही व्यवस्था ओळखीची वाटली असती.

पुतणीचे म्हणणे, शिकणाऱ्याने आधी ठिपक्यांच्या कागदावर पेन्सिलीने दहा-वीस वस्तू काढाव्यात, मग तिरकी जाळी, आणि शेवटी प्रतिकृती. तिच्या वर्गातील पुष्कळांनी पहिल्या दिवसापासून शून्याची कळ दाबली. प्लॅन व एलिव्हेशन देऊन वस्तू ओळखावयास सांगितली की ते संगणक शोधतात, अशी तिची तक्रार आहे. आम्ही म्हटले की, काळ बदलला, कळ आहे तर ती दाबतीलच. त्यावर तिने आम्हांस त्या कापलेल्या फळीची आठवण दिली. वाद तेथेच थांबला.

ते कपाट शेगडीवरून सातशे मिलिमीटर सरकले. ओटा ८०० च्या उंचीवर बसला. ७४० ची फळी वाया गेली नाही. ती लोणच्याच्या बरण्यांखाली आहे. काम संपत आल्यावर पुतणीने वहिनींच्या सांगण्यावरून पाण्याच्या नळांचाही एक कागद काढून दिला, कारखान्यातल्यासारखा, आकड्यांसह. तो सिंकखालच्या कपाटाच्या दारास आतून चिकटविला आहे. पावसाळ्यात एकदा ओट्याच्या कोपऱ्यात ओल दिसली. नळकाम करणारे गृहस्थ आले, त्यांनी फोडाफोडीस छिन्नी काढली. तेव्हा वहिनींनी दार उघडून तो कागद त्यांना दाखविला आणि कोपऱ्यापासून तिसरी फरशी उचलावयास सांगितली. गळका सांधा तिच्याखालीच निघाला.